फिरकीचा तांब्या

१

सिद्धलिंग गुरुजी कुंपणाला टेकून गुडघ्यांवर बसले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पूजेला बसलेत. जवळ गेलं की वास यायचा. उजवा तळवा तारेवर होता आणि बोटं तिच्याभोवती जळून आखडली होती. कातडी जाऊन हाड उघडं पडलं होतं. डोकं मागून फुटलं होतं. तिथलं रक्त मानेवरून सदऱ्यात उतरून वाळलं होतं आणि मागच्या हरभऱ्याच्या घाट्यांवर त्याचे तपकिरी ठिपके होते.

गुरुजींची मुलगी ऋतुजा परभणीहून पेडगावच्या शिवारात पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. परभणीच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. निरोप आला तेव्हा हातात होतं ते पुस्तक तसंच घेऊन निघाली होती.

"ताई, तुमी तिकडं सावलीला बसा," सहायक निरीक्षक तात्याराव म्हणाले.

"मला बघायचंय."

तात्याराव बाजूला झाले. मोटारीच्या स्टार्टरपेटीतून एक उघडी तार निघून कुंपणाला गुंडाळलेली होती. सकाळी नऊला शेजारचा नागनाथ पाण्यावर आला, त्याला धूर दिसला, त्यानं काठीनं पेटीचा खटका पाडला आणि बोंब ठोकली. आता बांधावर अर्धं गाव जमलं होतं.

"झटका मशीन लावा म्हणून गावाला शिकवायचे," कोणीतरी पुरेसं मोठ्यानं म्हणालं, "अन् सोता थेट करंट!"

कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही.

झटका मशीन छोट्या सौर पॅनलवर चालतं. रानडुकराला चटका बसतो, ते पळून जातं, मरत नाही. थेट करंट म्हणजे मोटारीची लाइन सरळ तारेत सोडणं. त्यात डुक्कर मरतं, रोही म्हणजे नीलगाय मरते, माणूसही मरतो. गेल्या साली नागनाथच्या असल्याच तारेवर सरजाबाईचा नवरा गवत आणताना चिकटून मेला होता. गुरुजींनी नागनाथविरुद्ध साक्ष दिली. नंतर आपल्या पक्षाच्या पर्यावरण आणि ऊर्जा धोरणात त्यांनी स्वतःच्या हातानं सातवं कलम लिहिलं: थेट करंट बंद, झटका मशीन सगळ्यांना, गायरान चराईला राखून. त्या रविवारी जिंतूरच्या सभेत ते धोरण जाहीर व्हायचं होतं.

आणि आज गुरुवारी ते लिहिणारा माणूस थेट करंटच्या तारेला चिकटलेला सापडला होता.

"डोक्याला कसं लागलं?" ऋतुजानं विचारलं.

"झटक्यानं मागं फेकले गेले असतील. कुंपणाच्या लोखंडी अँगलवर आपटले, परत पुढं आले." तात्यारावांचा स्वतःच्या बोलण्यावर फारसा विश्वास नव्हता. "पंचनाम्यात सध्या करंटनं मृत्यू असंच लिहितोय."

अप्पा गेले ते आता फिरवता येणार नव्हतं. पण स्वतःच्याच करंटनं मेले, हे वाक्य त्यांच्या समाधीवर बसू द्यायचं नाही, एवढं तिनं तिथं उभ्या उभ्या ठरवलं.

त्यांच्या पायाशी फिरकीचा तांब्या आडवा पडला होता. झाकण घट्ट लावलेलं होतं. तिनं उचलून हलवला. आत थेंबही नव्हता. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी मात्र तशीच होती.

२

शवविच्छेदन उरकून दुपारी चारला गुरुजी घरी आले. लिंगायताच्या घरात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. पुरण्याआधी अंघोळ घालतात, भस्म लावतात आणि आयुष्यभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवतात. ते त्याच्याबरोबर जातं.

आई, भागम्मा, भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. "तांब्या मी भरून दिला होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "काल पाच वाजता. काठोकाठ. शेतातल्या आखाड्यावर झोपायला जायचे ना. सकाळचं पूजेचं पाणीबी त्यातलंच."

ऋतुजानं अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी काढली. डबीच्या बिजागरीत चिखल होता. दोऱ्याला हात लावला आणि तिची बोटं थांबली.

अप्पांचा दोरा जाड, पांढऱ्या सुताचा होता. मानेपासून छातीच्या खालपर्यंत यायचा. तो एका बाजूला तुटला होता आणि वीतभर नाहीसाच होता. मधे दुसराच तुकडा जोडलेला होता. गुलाबी, बारीक, रेशमी. दोन्ही गाठी घाईच्या होत्या, पण पक्क्या.

तिनं डबी उघडली. बाहेर एवढा चिखल, आणि आतलं लिंग स्वच्छ होतं. त्यावर भस्माची ताजी बोटं ओढलेली होती. ज्या फडक्यात ते गुंडाळलेलं होतं ते अजून ओलं होतं.

तिला तांब्या आठवला.

लिंग विधी करणाऱ्या जंगमांच्या हवाली करताना तिनं दोरा काढून घेतला आणि ओढणीच्या टोकाला बांधला. अप्पांना खड्ड्यात बसवलं, माती पडली, मानेपर्यंत आली, मग डोक्यावरून गेली. ती बघत राहिली.

मारामारीत दोरा तुटला होता. लिंग चिखलात पडलं होतं. आणि कोणीतरी अप्पांच्याच पाण्यानं ते धुऊन, भस्म लावून, पुन्हा त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. त्यासाठी दोरा कमी पडला तेव्हा त्यानं तो कुठून आणला?

३

शुक्रवारी सकाळी ती परभणीत पक्षाच्या कार्यालयात गेली. जिल्हाध्यक्ष व्यंकटराव खुर्चीत मावत नसत. एरवी दर वाक्याला विनोद करत, आज दर दुसऱ्या वाक्याला.

"या ताई. गुरुजी गेले, लय वाईट झालं. माझ्याशी भांडणारा इलाक्यात तेवढाच एक माणूस होता. आता बायकोवरच भागवायचं."

"सातव्या कलमाचं काय ठरलं?"

व्यंकटरावांनी खाली बघितलं. "त्याच्यावर आता लोक हसतील. ज्यानं लिहिलं त्योच..."

"वाक्य पुरं करा."

व्यंकटरावांनी आतल्या खोलीकडं चहाची हाक दिली. दोन महिन्यांपूर्वी ह्याच कलमावरून ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या होत्या. एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. त्याच संध्याकाळी गुरुजींच्या खिडकीतून धोंडा आत आला आणि भागम्माच्या कपाळाला चार टाके पडले. गुरुजी सौर विजेच्या विरोधात नव्हतेच. पॅनल कालव्यावर टाका, शाळांच्या छतावर टाका, ज्याची मर्जी असेल त्याच्या बांधावर टाका, शेतीला वीज दिवसा द्या, असं ते म्हणत. फक्त गायरानावर नको, कारण तिथं सरजाबाईसारख्यांची शेरडं चरतात आणि तिथलं पाणी गावच्या तळ्यात उतरतं. व्यंकटरावांना सौर प्रकल्प गायरानावरच पाहिजे होता.

महारुद्र चहा घेऊन आला. तो पक्षाचा तालुका चिटणीस. परभणीतच राहायचा. चौथीपासून गुरुजींच्या हाताखाली शिकला, अकरा वर्षं त्यांच्याच घरी जेवला. जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी त्याचं नाव चर्चेत होतं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. छातीची दोन बटणं कायम उघडी टाकणाऱ्या माणसानं आज गळ्यापर्यंत शर्ट लावला होता. थंडी होतीच म्हणा.

"ताई, मला अजून खरं वाटंना," तो म्हणाला. "रात्री लाइट आली असंल, अन् अंधारात तार दिसली नसंल. रातभर बिचारे तसेच..." त्यानं कप तिच्यापुढं सरकवला.

टेबलावर धोरणाच्या छापील पुस्तिका होत्या. ऋतुजानं एक उघडली. सातवं कलम होतं, पण त्यात 'पडीक सरकारी जमिनींवर प्राधान्याने' असे शब्द होते. झटका मशीन नव्हतं, गायरान नव्हतं.

"हे अप्पांचं नाही."

"पक्षाचं हाय," व्यंकटराव म्हणाले.

"टाइप कोणी केलं?"

"मी," महारुद्र म्हणाला. "वरून सांगितलं तसं. गुरुजींना दाखवायचं राहूनच गेलं बघा."

ऋतुजानं चहा घेतला नाही. घरी अप्पांच्या फळीवर तिला आदल्या रात्री ह्याच पुस्तिकेचा कच्चा छाप सापडला होता. सातव्या कलमावर लाल शाईची तिरपी रेघ होती, आणि समासात अप्पांचं ठसठशीत अक्षर: 'रविवारी मी मूळ कलम वाचणार.'

छापखान्याच्या माणसानं तो बुधवारी घरी आणून दिला होता. तो वाचून अप्पांनी आखाड्यावर निघण्याआधी कोणाला तरी फोन लावला होता. भागम्मानं ऐकलं ते एवढंच: "तू ये इकडं. तोंडावर सांग."

४

ती गावी परतली तेव्हा नागनाथच्या दारात दहाबारा जण होते आणि नागनाथ जमिनीवर होता. कोणीतरी त्याला बैलाच्या सापत्यानं, चामडी पट्ट्यानं, मारत होतं. ओठ फाटून दात दिसत होते. एक डोळा पूर्ण मिटला होता.

"साक्ष दिली म्हणून मारलं व्हय रे गुरुजीला? करंटचा उस्ताद तूच हायस ना!"

"थांबा," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "माझा बाप मेलाय. मारायचं की नाही ते मला विचारा."

सापतं खाली आलं. माणसं पांगली. तिनं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. त्यानं गुळणी केली तेव्हा पाण्याबरोबर एक दात पडला.

"कशाला वाचवलं ताई," नागनाथ म्हणाला. "मी तसा खुनीच हाय. सरजाबाईच्या माणसाचा."

"अप्पांना कोणी मारलं?"

"तेवढं मला कळंना. पर एक सांगू? ज्यानं ती तार लावली, त्याला शेतीतलं घंटा कळत न्हाई."

"का?"

"आवो, मोटारीची लाइट! गेल्या आठवड्यात रातची होती. सोमवारपासून दिवसाची झाली. सकाळी साडेआठला येती, दुपारी साडेचारला जाती. रातच्याला शिवारात एका तारंत जीव न्हाई. डुकरं येत्यात रातच्याला. मंग दिवसाच्या आठवड्यात थेट करंट लावून कोणाला मारायचं? माशा?" तो हसायला गेला आणि कळवळला. "बुधवारी दुपारी गुरुजींनी हरभऱ्याला पाणी दिलं, मीबी गव्हाला देत होतो. त्यो चिखल त्याच पाण्याचा हाय."

ऋतुजा त्याच्या गळ्याकडं बघत होती. नागनाथही लिंगायतच होता. बंडीच्या फाटक्या गळ्यातून त्याचा दोरा दिसत होता. काळा, तेलकट, पोटापर्यंत लोंबणारा. कुठं जोड नाही.

पाच वाजता अप्पा घरून निघाले. लाइट त्याआधी अर्धा तास गेलेली. परत आली ती सकाळी साडेआठला. ह्या मधल्या वेळात ते मेले असतील तर करंटनं मेले नाहीत. पण साडेआठच्या आधी ते मेलेले होते, हे कोण सांगणार?

"सरजाबाईला विचारा," नागनाथ जमिनीकडं बघत म्हणाला. "रोज सात वाजता शेरडं घिऊन त्याच बांधावरनं जाती. पर ती मला वाचवायला कशाला बोलंल?"

५

सरजाबाई गायरानात होती. ऋतुजाला बघून उठली नाही.

"मला ठावं होतं तू येशील."

"काल सकाळी तुम्ही अप्पांना पाहिलं?"

म्हातारी शेरडांकडं बघत म्हणाली, "पाहिलं. सातला. तारंला हात लावून बसले होते. मला वाटलं पूजा करायलेत. पूजंत माणसाला हाक मारू नाई. म्या गुमान गेले."

"आणि शेरडं?"

"ती काळी हाय ना, ती तारंखालनं आत गेली. पाठ घासून. म्या तिचा कान धरून त्याच तारंवरनं हात घालून वढली."

"तुम्हाला काही झालं नाही."

"झालं असतं तर हितं बसले असते का?" मग आवाज खाली आला. "काल दुपारी गाव नागनाथचं नाव घ्यायलं तवा मला समदं कळत होतं पोरी. गप बसले. म्हणलं, खाऊ दे मार. माझा माणूस तारंवर तडफडला तवा ह्यो घरात जेवत होता. आज त्याच्या तोंडातनं रगत आलं, बघून आले. वाटलं होतं गार वाटंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई वाटलं. चल, कुठं सांगायचं ते सांगते."

तात्यारावांनी तिचा जबाब घेतला. मग खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. तळव्याचं भाजणं मरणानंतरचं होतं. फोड नाही, कडेला लाली नाही. जीव गेला तो डोक्याच्या घावानं.

कागदाची शेवटची ओळ त्यांनी आधी वाचून दाखवली नाही. ऋतुजानं हात पुढं केला तेव्हा कागदच दिला.

घाव बसल्यावर माणूस तासभर तरी जिवंत होता.

६

शनिवारी दुपारी पक्षाच्या कार्यालयात तात्यारावांनी सगळ्यांना बसवलं. व्यंकटराव, महारुद्र, डोक्याला पट्टी बांधलेला नागनाथ, दाराशी सरजाबाई. बाहेर पेडगावची पन्नास माणसं उभी होती.

ऋतुजानं ओढणीची गाठ सोडून दोरा टेबलावर ठेवला.

"अप्पांना बुधवारी सांजेला लोखंडी अँगलनं मारलं. मग कुंपणाशी बसवून हात तारेवर ठेवला आणि पेटी जोडून दिली. मारणाऱ्याला वाटलं, रात्री लाइट येईल, तळवा जळेल, लोक म्हणतील गुरुजी स्वतःच्या करंटनं मेले. माणूसही जाईल आणि कलमही. पण लाइट सोमवारीच बदलली होती. हे नागनाथला ठाऊक होतं, कारण तो रोज पाणी देतो. मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो ज्या चिखलात उभा होता तो दिवसाच्या लाइटीनं झालेला होता, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे तो शेतात राबणारा नाही."

"हे माझ्यावर चाललंय का?" व्यंकटराव म्हणाले.

"तुम्हालाही ठाऊक नसणार. पण मारताना अप्पांचा दोरा तुटला आणि लिंग चिखलात पडलं. तुम्ही ते तसंच सोडून गेला असता. ह्या माणसाला ते जमलं नाही. त्यानं लिंग धुतलं, भस्म लावलं. दोरा अपुरा पडला तेव्हा स्वतःच्या गळ्यातला तोडून जोडला. असं फक्त आमच्यातलाच कोणीतरी करेल." ती वळली. "महारुद्र, रात्री लाइट आली असेल असं मला तूच म्हणालास. पुस्तिका अप्पांना दाखवली नाही असंही म्हणालास. त्यांनी लाल शाईनं खोडलेली प्रत माझ्याकडं आहे. ती वाचून त्यांनी कोणाला बोलावलं ते त्यांच्या फोनवरून तात्यारावांना कळलंय. शर्टाचं वरचं बटण काढ."

महारुद्रनं गळ्याशी हात नेला. तात्याराव उठले तेव्हा त्यानं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून त्यांच्या कानशिलावर हाणला. तात्याराव कपाटावर कोसळले, काचा फुटल्या. तो दाराकडं धावला. सरजाबाई दारातून हलली नाही. त्यानं तिला भिंतीवर ढकललं, पण तेवढ्यात नागनाथनं मागून कॉलर धरली आणि बटणं तडातड तुटली. दोघं फरशीवर पडले. महारुद्रनं कोपरानं नागनाथच्या फाटक्या ओठावर घाव घातला. नागनाथनं पकड सोडली नाही.

उघड्या गळ्यात, अगदी कंठाशी, एक डबी अडकली होती. दोरा गुलाबी, बारीक, रेशमी. गळ्याला काचेल इतका आखूड.

महारुद्र धापा टाकत होता.

"तिकीट देतो म्हणाले," त्यानं व्यंकटरावांकडं बघितलं. "कलम बदल, तिकीट तुझं. गुरुजी म्हणाले, रविवारी सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन वाचतो. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले. मग अँगल हातात कधी आला..." तो रडायला लागला. "दोरा तुटला ताई. गुरूचं लिंग चिखलात कसं ठेवू?"

"आणि गुरूला?" ऋतुजा म्हणाली.

तात्याराव कानाला रुमाल लावून उठले आणि महारुद्रला बेड्या घातल्या.

"पक्षाचा ह्याच्याशी काही संबंध नाही," व्यंकटराव बाहेरच्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले.

ऋतुजानं लाल शाईची प्रत त्यांच्यासमोर ठेवली, सोबत अप्पांच्या हातचं मूळ कलम. "मग उद्या जिंतूरला हे वाचा. तुम्हीच. आत्ता खाली सही करा."

व्यंकटरावांनी दाराकडं बघितलं. सरजाबाईच्या मागं पेडगावची माणसं चौकटीपर्यंत आली होती. व्यंकटरावांनी खिशातून पेन काढलं.

७

घरी पोचायला सहा वाजले. तात्यारावांनी पंचनाम्यातली करंटची ती ओळ रद्द होईल असं लिहून दिलं होतं. तो कागद तिनं अप्पांच्या फळीवर ठेवला.

भागम्मा अजून भिंतीलाच टेकून होती. समोर फिरकीचा तांब्या होता. अपघात समजून तो घरी दिला होता; आता मुद्देमाल म्हणून पोलीस दुसऱ्या दिवशी नेणार होते. त्याला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं आणि तिनं लावला नव्हता. नुसती बघत होती.

"कोण?"

"महारुद्र."

भागम्मानं मान हलवली. तिला जणू नाव आधीच ठाऊक होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. "ह्याच घरात जेवायचा. मिरची तिखट लागली की तुझ्याच वाट्याचं दही मागायचा." मग तिनं विचारलं, "लिंग त्यानंच धुतलं?"

"हो."

"ह्याच्यातल्या पाण्यानं?"

"हो."

"सगळ्या?"

ऋतुजानं शेवटच्या ओळीचा तो कागद आईला दाखवला नव्हता. दाखवणारही नव्हती. पण भागम्मा चाळीस वर्षं ह्या घरात तांब्या भरत आली होती. त्यात किती पाणी मावतं आणि एवढंसं लिंग धुवायला किती लागतं, ते तिला कोणी सांगायला नको होतं.

"उरलेल्यानं हात धुतले असतील," ती म्हणाली. "आणि तुझे अप्पा तिथं पाणी मागत असतील."

ऋतुजा तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. दोघींपैकी कोणी उठलं नाही.